सपाट जागा आणू कुठून

...पण सपाट जागा मी आणू कुठून, ते सांगा ना आधी! मेकॅनिकला बोलायला काय जातं? "उम्म सुहैब, ऑटोमॅटिक गाडी आहे. गिअरबॉक्सचं तेल बघायचं तर इंजिन गरम हवं, चालू हवं, दांडा सगळ्या गिअरांतून फिरवून पार्कवर आणायचा, आणि गाडी सपाट जागी." आता अम्मानमधली आमची टेकडी, तुम्हाला सांगते, दारात कलिंगड ठेवलं तर ते शेजारणीकडे जेवायला जातं.

आणि गाडीची तऱ्हा अशी, की चढावर इंजिन नुसतं बोंबलतं, चाक हलत नाही. शुक्रवारी सुहैबसाठी मुलगी मागायला वर जायचं, गुडघे गेलेल्या हाजी मिथकालमामांना घेऊन. घरात थोरले म्हणून मागणी घालणार तेच. ते पोचले नाहीत तर माझा मुलगा तसाच राहिला.

नवऱ्याने गाडीचं तोंड चढाकडे करून तेल मोजायची काडी ओढली. "तेल कमी आहे." ओतलं. दीर नाएफने तोंड उताराकडे करून बघितलं. "वहिनी, भावाने पूर आणलाय." नळीने उपसलं. हा ओततो, तो उपसतो... सख्खे भाऊ, एकच काडी, आणि दोघंही शपथेवर खरे. हे कसं काय? मला तर झोप लागेना. मग मसुराचं सूप करताना पातेलं कललं, बघते तर एकीकडे काठोकाठ, दुसरीकडे बूड उघडं. म्हटलं, अगं बाई, टेकडी खोटं बोलतेय. पण कळून उपयोग काय, सपाट जागा आणू कुठून?

शुक्रवारी अर्ध्या चढावर गाडी अडली. पुढे जाईना, रिव्हर्सला मात्र धरत होती. मग वळवली आणि उलटी चढवली. मामा मागून म्हणतात, "सूनबाई, मुलगी मागायला चाललोय की परत करायला?" दारात मुलीचा बाप अबू नसूह कॉफी घेऊन उभा, आणि त्याच्यासमोर आमची डिकी. मी उतरले, बघते तर फरशीचं अंगण, पाणी ओतलं तर कुठे जावं ते पाण्यालाच कळू नये असं. सलाम राहिला बाजूला, बॉनेट उघडलं. "सुहैब, सगळे गिअर फिरव. आता पार्क." काडी पुसली, घातली, काढली... खालच्या खुणेच्याही खाली. नाएफ आभाळाकडे बघतोय. थोडं ओतायचं, परत बघायचं, थोडं ओतायचं... तेल दोन खुणांच्या मध्ये आलं तेव्हा अबू नसूह म्हणाला, "उम्म सुहैब, कॉफी निवली."

जमलं लग्न. गाडीही मांजरीसारखी चढते. पण आता आमची निम्मी गल्ली काडी बघायला तिथे रांग लावते, आणि व्याही मला सुनावतात, "मुलगी दिली, अंगण नव्हतं दिलं."

मला तरी आधी अंगणच पसंत पडलं होतं.