लाल टाका

वडील : मी एवढंच विचारतोय, या पिशवीला लाल टाका कोणी घातला?

मुलगी : मीच की. दुसरं कोण घालणार, बाबा? कामाला ठेवलेल्या बायका शिवून देतात, मी अस्तराला लाल टाका घालते आणि पाठवते.

वडील : ही टांगून पाहिली होतीस?

मुलगी : टांगायची कशाला? अरे देवा, हिचा तर पट्टाच उखडलाय. परत आली?

वडील : काल दुपारी कुरिअरवाला देऊन गेला. आत चिठ्ठी होती. एका नर्सबाईंची आहे.

मुलगी : आणि तुम्ही मला आज सांगताय?

वडील : रात्रभर विचार करत होतो, कसं सांगू म्हणून. ड्यूटी संपवून घरी जात होत्या, जिन्यात पट्टा तुटला. आत औषधाच्या काचेच्या बाटल्या होत्या. काचा वेचताना हात कापला, चार टाके पडले. आता पंधरा दिवस कामावर जाता येणार नाही.

मुलगी : खूप चिडल्या असतील.

वडील : चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. लिहितात, ‘लाल टाका दिसला, म्हणून मी पट्टा ओढून पाहिला नाही.’

मुलगी : मी आत्ताच्या आत्ता फोन करते त्यांना. माफी मागते, नवी पिशवी पाठवते. आपल्या पिशव्यांच्या ऑनलाइन पेजवर कोणाला कळायच्या आत...

वडील : कळू नये असं काय आहे त्यात?

मुलगी : बाबा, पहिल्या महिन्यात पेजवर सतरा माणसं होती. त्यातली नऊ आपल्याच नात्यातली, तीही बळेबळे आणलेली. आज अकरा हजार आहेत. एकेकीच्या प्रश्नाला मी स्वतः उत्तर दिलंय. ही माणसं आली ती तुमच्या त्या व्हिडिओमुळे. तुमचे हात, लाल दोरा, आणि खाली मी लिहिलं होतं, ‘प्रत्येक पिशवीत बाबांची सही.’

वडील : ती सही नव्हती गं.

मुलगी : मग काय होतं?

वडील : तुझी आई तयार पिशवीत पाण्याचे दोन डबे ठेवायची आणि सकाळी त्या खुंटीला टांगायची. संध्याकाळपर्यंत पट्टा टिकला, तर आत लाल टाका. नाही टिकला, तर उसवून माझ्यापुढे, पुन्हा शिवायला. ती गेल्यावर मी तेच करत राहिलो, हात थरथरायला लागेपर्यंत.

मुलगी : मी या घरात वाढले. मला कसं कधी दिसलं नाही?

वडील : तू शाळेतून यायच्या आत ती पिशवी उतरवायची. खुंटीला तुझं दप्तर लागायचं. पुढे मीही तू बाहेरून यायच्या आत उतरवायचो.

मुलगी : मला वाटलं, शोभेसाठी असेल. आठ महिने मी टीव्ही बघत बघत घालतेय तो टाका.

वडील : मीही पाहत होतो. वाटलं, आधी टांगत असशील कुठेतरी. विचारलं नाही. बायका चांगल्या शिवतात, पण घाईत एखादी शिवण सुटतेच. माझीही सुटायची. म्हणून तर खुंटी होती.

मुलगी : आता काय करू?

वडील : सगळ्यांना सांग.

मुलगी : ही माणसं जमवायला दोन वर्षं लागली. जायला एक दिवस पुरेल. तुम्हाला काहीच वाटत नाही त्याचं?

वडील : वाटतं. जेवताना एका हातानं उत्तरं लिहायचीस, ताटातलं गार व्हायचं, ते मी पाहिलंय. माणसं तू जमवलीस, पोरी. पण त्यांनी विश्वास तुझ्या आईच्या टाक्यावर ठेवला. घराघरांत पट्टा न ओढता पिशव्या भरतात, हे कळल्यावर मला घास जाईना.

(मुलगी फोन घेऊन बसते. बराच वेळ लिहिते, खोडते.)

मुलगी : ऐका. ‘आमच्या लाल टाक्याचा अर्थ मला आज कळला. तो पिशवी तपासल्याची खूण होता. गेल्या आठ महिन्यांत मी तो न तपासता घातला. तुमची पिशवी जपून वापरा...’

वडील : ‘जपून’ नको. ‘वजन घालू नका, परत पाठवा’ असं लिही. सरळ.

मुलगी : बरं. आणि शेवटी लिहिते, चूक माझी आहे.

वडील : मी तुला सांगितलं नव्हतं. ‘आमची’ लिही.

मुलगी : ...टाकलं.

वडील : काय म्हणतात?

मुलगी : थांबा जरा. एकीनं लिहिलंय, आता तुमच्या कशावर विश्वास ठेवायचा? दोघीतिघी पेज सोडूनही गेल्या.

वडील : उत्तर दे तिला.

मुलगी : काय देऊ?

वडील : आमच्यावर ठेवू नका म्हणावं. ओढून बघा.

मुलगी : लिहिते. बाबा, त्या खुंटीला काय टांगलंय?

वडील : नर्सबाईंची नवी पिशवी. सकाळी शिवली.

मुलगी : तुम्ही? या हातांनी?

वडील : शिवण वाकडी आलीय. पण दुहेरी घातलीय.

मुलगी : लाल दोरा आणू?

वडील : थांब. संध्याकाळ होऊ दे.