उचलून नेता येईल असा आंबा

आदरणीय अध्यक्ष सावळेराम आण्णा, व्यासपीठावरचे डॉक्टरसाहेब, माझ्या जागी आलेल्या अमृता सिस्टर, आणे गावच्या माझ्या सगळ्या मायबहिणी आणि बंधूंनो, आणि खुर्ची ठेवलेली असतानाही सतरंजीवरच बसलेल्या माझ्या सासूबाई,

शाल दिलीत, नारळ दिलात. डॉक्टरसाहेबांनी इतकं कौतुक केलं की मलाच वाटलं, ही नर्सबाई कोण बरं? खरं सांगू का, मी दमलेय. म्हणून लसीकरणाचं वगैरे काही बोलत नाही. झाडाचं बोलते.

बाळाला डोस पाजायला आलेल्या तुम्ही कितीतरी जणी माझ्याकडून लिंबाचं, पेरूचं रोप घेऊन गेलात. "ताई, आमच्याकडं जागा कुटंय?" म्हणायच्या. मी म्हणायचे, तेलाचा डबा आहे ना? बुडाला भोकं पाडा, खाली विटा लावा, शेंडा खुडत राहा. सारजाबाईंच्या ओट्यावरचा पेरू कमरेएवढाच आहे, पण फळं बघा त्याची! तुम्हाला वाटत असेल, सिस्टरला भारी हौस. हौस कसली?

डिंभ्याच्या धरणात आमचं घर गेलं. पाणी चढायच्या आधी सासूबाईंनी दारातल्या आंब्याच्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या. आमच्या यजमानांनी कलमं बांधली. त्यातलं एकच जगलं. यजमान आज नाहीत, आंबा आहे. तो जमिनीत लावायला निघालो, तर सासूबाई आडव्या आल्या.

"जमिनीत न्हाई लावायचा. परत कुनी उठिवलं तर? उचलून नेता आला पायजे."

मग काय, लोखंडी ड्रम आणला. माझी बदली झाली की भांड्यांच्या आधी टेम्पोत ड्रम चढायचा. दरवर्षी शेंडे खुडायचे, मुळं छाटायची, माती बदलायची. इथे पठारावर पाण्याची मारामार, म्हणून भाज्या धुतलेलं पाणीही त्यालाच. वाढू पाहणाऱ्या झाडाला वर्षानुवर्षं आवरून धरायचं, हे काम सोपं नसतं हो. गेली काही वर्षं गुडघ्यांमुळे मुळं छाटायचं राहूनच गेलं. खालच्या विटाही कधी खचल्या, कळलं नाही.

परवा क्वार्टर रिकामी करायला टेम्पो आला. चौघांनी जोर लावला, ड्रम हलेना. टेम्पोवाले गेणभाऊ खाली वाकून बघत म्हणाले, "ताई, बुड पार गंजून गेलंय. मुळ्या जमिनीत उतरल्यात. कोयता लावू का?"

सासूबाई ड्रमला टेकून खालीच बसल्या होत्या. मला वाटलं, आता रडतील. त्यांनी मुळ्यांवरून हात फिरवला.

"नगं तोडू. लई उचलून नेलं त्याला. आता ऱ्हाऊ दे हितंच." मग माझ्याकडे हात केला. "मला तेवढं उचल."

मी त्यांना उचललं. फार हलक्या झाल्यात. मला तिथे रडू आवरलं नाही.

आता आम्ही दोघी जुन्नरला मुलाकडे जातोय, दुसऱ्या मजल्यावर. तुम्ही इतकी वर्षं सांभाळून घेतलंत, तुमचे उपकार कसे विसरू? कधी सुई दुखली असेल, कधी मी तोंड टाकून बोलले असेन, ते पोटात घाला.

आणि अमृता सिस्टर, तुमच्याकडे एकच मागणं. उन्हाळ्यात त्याला बादलीभर पाणी घाला. ड्रमचा पत्रा सावकाश कापून काढा. आणि शेंडा आता खुडू नका. वाढू द्या त्याला.