कोरडी गल्ली

बायाक्का : म्हंजे यंदा बी न्हायच का रं, रविराज?

रविराज : आक्का, आधी बस. काल नगरपालिकेचं बजेट मंजूर झालं. आपल्या गल्लीचं गटार त्यात नाही.

बायाक्का : तीन सालं झाली, यंदा नक्की म्हणतोस. गटाराचं पाणी भिंतीतनं पाझरून हातमागाच्या खड्ड्यात साचतंय. खड्ड्यात पाय सोडल्याबिगर लुगडं इणायचं कसं? पायाची कातडी सोलपटली बघ.

रविराज : मला ठाऊक नाही व्हय? माझी आई तुझ्या शेजारच्याच मागावर बसायची.

बायाक्का : मग? बजेटाच्या टेबलावर तूच बसतोस की.

रविराज : पद्धत बदलली, आक्का. आधी गटाराला इतके, दिव्याला इतके, झालं. आता कार्यक्रमाप्रमाणं बजेट. आपल्या कार्यक्रमाचं नाव ‘कोरडी गल्ली’. जिथं पाणी तुंबतं तिथं आधी काम.

बायाक्का : मग बेस झालं की. आमच्यात तुंबतंयच.

रविराज : ते तक्रारींच्या नोंदीवरनं ठरतं. ज्या गल्लीच्या तक्रारी जास्त, ती वर. आपल्या गल्लीच्या तक्रारी शून्य.

बायाक्का : शून्य? आरं, तुझ्या दारात येऊन येऊन चपला झिजल्या माझ्या!

रविराज : दारात आलीस. हापिसात नाही. मीच म्हणालो ना, अर्ज कशाला, घरचाच माणूस हाय, गटार काढणाऱ्या भावकूला पाठवतो.

बायाक्का : भावकू यायचा, बांबूनं ढोसून जायचा. चार दिवस बरं जायचं.

रविराज : ते चार दिवसच नडले. गुंडू, जयाबाई, गल्लीतली सगळी मलाच सांगायची. एकाचाही अर्ज नाही. संगणकात आपली गल्ली हिरवी दिसते. उद्दिष्ट पूर्ण.

बायाक्का : हिरवी म्हंजे?

रविराज : कोरडी. यादी मीच टाईप केली. शून्य लिहिताना हात थांबला माझा. पण सायबाला काय सांगू, तक्रारी माझ्या घरी येत्यात म्हणून?

बायाक्का : सांगायचं हुतंस.

रविराज : सांगायला पायजे हुतं. लाज वाटली. आणि भ्यालो बी.

(टेबलावरचा चहा तसाच.)

बायाक्का : तुझ्या आईला ह्यातलं काय बोलू नगंस. ल्योक हापिसात हाय म्हणून गल्लीचं बरं चाललंय, असं वाटतंय तिला.

रविराज : आक्का, आत्ताच अर्ज लिहूया. माझ्या हातानं लिहितो. पुढच्या सालच्या यादीत पहिली गल्ली आपली.

बायाक्का : पुढच्या सालच्या. सोमवारी वडगावचा माणूस यायचा हाय. माग लाकडाच्या भावानं नेतो म्हणाला. त्याला थांब म्हणायचं का न्हाय, एवढंच इचारायला आलते.

रविराज : ...थांब म्हणू नगंस.

बायाक्का : बरं. तीन सालांत आज खरं बोललास. आदी बोलला असतास तर दुसरं काय तरी बघितलं असतं रं मी.

रविराज : चुकलं माझं. पण अर्ज देऊया. गुंडूचे दोन माग हाईत अजून, जयाबाईचा एक.

बायाक्का : लिही. त्यांचे तरी ऱ्हाऊ देत.

रविराज : नाव... घर नंबर... इथं इचारलंय, पाणी शिरतं ती जागा कशाची. मागाची खोली लिहू?

बायाक्का : अर्ज पुढच्या सालासाठी हाय न्हवं? मग नुसतं खोली लिही.