सान रोमेलिओची दोहा शाखा

काकू, सई, आणि जमलेल्या सगळ्या मित्रमैत्रिणींनो,

अल हिलालच्या या हॉलमध्ये मी पहिल्यांदाच बोलायला उभा आहे. आजवर इथे शोकसभा झाली की बोलायचे ते गायधनीकाका. आपण मान खाली घालून बसायचं आणि चहाची वाट बघायची. आज त्यांच्याबद्दलच बोलायचंय आणि बोलणारा माणूस जागेवर नाही. तेव्हा माझ्यावर भागवून घ्या.

काकांना सगळेच ओळखतात असं नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. मूळचे नाशिकचे. हमद पोर्टला कंटेनरचं प्लॅनिंग करायचे, म्हणजे कुठला डबा जहाजात कुठे बसेल ते ठरवायचे. मागच्या महिन्यात एका शुक्रवारी सकाळी, पोह्यांची बशी हातात असताना, ते गेले. काकू आणि लेक सई त्यांना नाशिकला घेऊन गेल्या. सगळं तिकडेच झालं. आता काकू आणि सई घर आवरायला परत आल्यात, म्हणून आपण आज भेटतोय.

मी मिलिंद देशमुख. त्यांच्याच ऑफिसातला. पण आज मी ऑफिसतर्फे उभा नाही. मी आतलेतिको सान रोमेलिओ या फुटबॉल क्लबच्या दोहा शाखेचा नौकाप्रमुख म्हणून उभा आहे.

हसा. काकांना चाललं असतं.

झालं काय, फुटबॉलचा वर्ल्ड कप इथे होता ना, तेव्हा काका मेट्रोने अल वक्राला घरी चालले होते. शेजारी एक म्हातारा गाढ झोपलेला. अंगात विटकरी रंगाची जर्सी, कोपरावर रफू केलेली. रेड लाइन संपली तरी हा उठेना. काकांनी उठवला. त्याचं हॉटेल पार दुसऱ्या टोकाला. त्याला स्पॅनिश सोडून काही येईना आणि काकांना स्पॅनिश सोडून सगळं येत होतं. आपण काय केलं असतं? उलट्या गाडीत बसवून दिलं असतं. काका त्याला घरी जेवायला घेऊन गेले. काकूंनी वरणभात वाढला. त्याने तीनदा भात मागून घेतला असं काकू अजून सांगतात.

जेवण झाल्यावर त्या म्हाताऱ्याने मोबाईल दोघांच्या मध्ये ठेवून, भाषांतराच्या अॅपमधून, आपल्या क्लबचा इतिहास सांगितला. जाताना अंगातली जर्सी काढून काकांना दिली आणि काकांचा शर्ट घालून गेला. खलास. त्या दिवसापासून आमचे काका सान रोमेलिओचे झाले.

तो इतिहास आपण सगळ्यांनी ऐकलाय. गणपतीत ऐकलाय, कोजागिरीला ऐकलाय, पाटलांच्या नातवाच्या बारशालाही ऐकलाय. तरी आज परत सांगतो, नाहीतर ही सभा काकांची वाटणार नाही.

सान रोमेलिओ हे पॅराग्वेतलं नदीकाठचं छोटं गाव. वीटभट्टीवरच्या कामगारांनी क्लब काढला, म्हणून जर्सी विटकरी. मैदान नदीकडे उतरतं. त्यामुळे जोरात मारलेला चेंडू गोलमध्ये जाण्यापेक्षा पाण्यात जास्त जायचा. मग क्लबने एक नावाडी नेमला. सामना चालू असताना त्याने होडीत बसून राहायचं आणि चेंडू काढून द्यायचा. पुढे सरकारने मध्ये बांध घातला. चेंडू जाणं बंद झालं. पण नावाड्याचं पद कुणी रद्द केलं नाही! काका इथे नेहमी थांबायचे. म्हणायचे, "देशमुख, ही खरी संस्था. काम गेलं तरी माणूस ठेवला."

पलीकडच्या काठावर दुसरा क्लब. त्यांच्याशी पिढ्यान्‌पिढ्या वैर. एकदा दोघांनी शहाणपणाने एकत्र यायचं ठरवलं. क्लब एक झाले, हार घातले गेले, आणि जर्सीच्या रंगावरून पहिल्याच मीटिंगला परत दोन झाले. काका टाळी देऊन म्हणायचे, "अहो, हे तर आपलंच मंडळ!" आपलं मंडळ फुटून झालेल्या दोन्ही मंडळांचे अध्यक्ष इथे बसलेत. दोघेही हसतायत. बरं वाटलं.

वरच्या गटात हा क्लब एकदाच गेला. एकच सामना जिंकला आणि खाली आला. त्या एका विजयाचं वर्णन काका चहा गार होईपर्यंत करायचे.

मग काकांनी दोहा शाखा काढली. मराठी माणूस एकटा प्रेम करत नाही, आधी कार्यकारिणी करतो. काका अध्यक्ष. जोगळेकर सल्लागार. खजिनदार नेमला, खजिना नव्हता. आणि मी नौकाप्रमुख. मी परभणीचा. मला पोहता येत नाही. मी म्हटलं, "काका, या वाळवंटात माझं काम काय?" ते म्हणाले, "बसून राहायचं. चेंडू गेला तर उठायचं."

तर मित्रांनो, हा क्लब हरायचा. सारखा हरायचा. आणि इथेच काकांचा स्वभाव आडवा आला. तुम्हाला माहितीये, कुणाकडे वाईट घडलं की काका पहिले हजर. माझे वडील परभणीला वारले तेव्हा मला विमान मिळेना. काका घरी आले. एक अख्खा दिवस माझ्यासमोर सोफ्यावर बसून राहिले. एक शब्द बोलले नाहीत. गायधनीकाका, आणि एक शब्द नाही! मी तो दिवस विसरणार नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं. आनंदाला उशिरा गेलं तरी चालतं. दुःखाला लगेच जायचं, आणि जाता येत नसेल तर कळवायचं.

पॅराग्वेला जाता येत नव्हतं. म्हणून काका कळवायचे. दर पराभवानंतर क्लबच्या फेसबुक पानावर, भाषांतर करून, रीतसर सांत्वन पाठवायचे. तुम्हाला पाठ असेल. "सान रोमेलिओ परिवारावर कोसळलेल्या दुःखात दोहा शाखा सहभागी आहे. झालेली हानी कधीही भरून न येणारी आहे. ईश्वर आपणास हे दुःख सोसण्याचे बळ देवो." एक-शून्यने हरले तरी हेच. चार-शून्यने हरले तर शेवटी, "मृतात्म्यांस शांती लाभो." बरोबरीत सुटले तर, "लवकर आराम पडो."

उत्तर कधी आलं नाही. एकदाही नाही. काकू म्हणायच्या, "अहो, तिकडे कोण ओळखतं तुम्हाला?" आपणही कमी चिडवलं नाही. काका शांत. म्हणायचे, "दुःखातल्या माणसाने उत्तर द्यायचं नसतं." मग तर निरोप जाणंच बंद झालं. आम्हाला कळलं की त्यांनी काकांना ब्लॉक केलंय. काका म्हणाले, "नेट गेलं असेल. नदीकाठ आहे."

पण मोबाईल बघायचे हो ते. पोर्टवर चहाच्या सुट्टीत रोज बघायचे. त्या क्लबने एकदा तरी ओ द्यावी, एवढीच त्या माणसाची इच्छा होती. ती तशीच राहिली.

काकू नाशिकहून आल्या तेव्हा मी भेटायला गेलो. त्यांनी मला पहिली गोष्ट काय सांगितली असेल? "मिलिंद, त्या लोकांना कळवायला हवं. यांना आवडलं नसतं न कळवलेलं." ज्या क्लबचं नाव निघालं की त्या स्वयंपाकघरात निघून जायच्या, त्या काकू!

आमच्या ऑफिसात मारिसोल आहे, पेरू देशातली, स्पॅनिश बोलणारी. तिला घेऊन आम्ही काकूंच्या घरून क्लबला व्हिडिओ कॉल लावला. त्यांच्या सेक्रेटरी नेलिदाबाईंनी उचलला. मारिसोल एवढंच म्हणाली, की कतारहून बोलतोय. आणि तिकडून जी सरबत्ती सुरू झाली! मारिसोलचा चेहरा लाल. मी विचारलं, काय म्हणतात? ती म्हणाली, "विचारतायत, तो मर्तिकवाला तुम्हीच का?"

अहो, त्यांना वाटत होतं की कुणीतरी टिंगल करतंय! हरलं की लगेच श्रद्धांजली, दर वेळी! त्यांचा संशय पलीकडच्या काठावरच्या एका न्हाव्यावर होता. तो बिचारा शपथा घेत होता. अख्ख्या गावाने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

तेवढ्यात काकूंनी माझ्या हातून मोबाईल घेतला आणि भिंतीवरच्या फोटोसमोर धरला. काका, विटकरी जर्सीत, वर चंदनाचा हार. आणि काकू मराठीतच म्हणाल्या, "हे आमचे. तुम्ही हरलात की यांना जेवण जायचं नाही."

मारिसोलला भाषांतर करायची वेळच आली नाही. नेलिदाबाईंनी चष्मा लावला. त्या कोपरावरची रफू बघत होत्या. ती रफू त्यांनीच केली होती. कारण तो मेट्रोतला म्हातारा म्हणजे त्यांचे वडील, डोन एउसेबिओ. क्लबचे शेवटचे नावाडी.

ते घरी परत गेले आणि सांगत सुटले, की कतारमध्ये एका माणसाने मला घरी नेलं, भात वाढला, माझा सगळा इतिहास ऐकून घेतला, जर्सी मी त्याला दिली. कुणाचाही विश्वास बसला नाही. लेकीलाही वाटलं, बाबांनी कुठेतरी हरवली आणि आता गोष्टी रचतायत; आणि त्याच गोष्टीवरून तो न्हावी 'दोहा शाखा' म्हणून टिंगल करतोय. ते गेल्या वर्षी वारले. नेलिदाबाई रडत होत्या आणि इकडे काकू. दोघी आपापल्या भाषेत बोलत होत्या. मी आणि मारिसोल बाल्कनीत जाऊन उभे राहिलो.

गेल्या रविवारी सान रोमेलिओचा सामना होता. सुरू होण्याआधी मैदानावरच्या लाऊडस्पीकरवर काहीतरी वाचलं गेलं. नेलिदाबाईंनी त्याचं रेकॉर्डिंग पाठवलं, मारिसोलने अर्थ सांगितला. ऐका.

"गायधनी परिवारावर कोसळलेल्या दुःखात सान रोमेलिओ सहभागी आहे. झालेली हानी कधीही भरून न येणारी आहे. ईश्वर आपणास हे दुःख सोसण्याचे बळ देवो."

काका, ओ आली हो. शब्द तुमचेच आहेत, पण ओ आली.

मग सामना झाला. तीन-शून्यने हरले.

मित्रांनो, आता त्यांनी आपल्याला अनब्लॉक केलंय. निरोप जातो. आणि तिकडे दुःख झालंय आणि आपण अजून कळवलेलं नाही. चेंडू पाण्यात गेलाय, मला उठायला हवं. मजकूर मी लिहून ठेवलाय. एक शब्द बदललेला नाही.

चला, सगळे उभे राहू या. काकांसाठी दोन मिनिटं शांत. ती झाली की चहाला पळू नका. काकू मोबाईल हातात घेऊन पुढे येतील, आणि दोहा शाखेतर्फे सांत्वन त्या पाठवतील.