जाण्याचं सबळ कारण

कौमुदी: मेल आलाय सोमवारी. आज गुरुवार आहे, बाबा.

बाबा: तुला प्रिंटरचा पासवर्ड शोधायला सांगितलं होतं. माझा इनबॉक्स वाचायला नाही.

कौमुदी: पासवर्ड इनबॉक्समध्येच होता. आणि हा मेल 'इतर' नावाच्या फोल्डरमध्ये. तू खास फोल्डर केलंस, आणि त्यात एकच मेल ठेवलास. लपवायचाच होता तर डिलीट तरी करायचास.

बाबा: सरकारी पत्र डिलीट करत नसतात.

ऋता: कसला मेल? मी आत्ता उठलेय. पहाटे पाचपर्यंत मिशिगनची लेक्चरं चालू होती, त्यामुळे जरा हळू बोला.

कौमुदी: ताई, आधी बस. चहा घे. बसलीस? साथीत देशाबाहेर जायला लागते ती तुझी परवानगी सरकारने नाकारली.

ऋता: काय?

कौमुदी: वाचते. मराठीत वाचते, म्हणजे बाबाला पळवाट राहणार नाही. 'आपल्या विनंतीचा विचार केला. आपण नमूद केलेली परीक्षा मेलबर्नमध्ये देता येते. सबब ऑस्ट्रेलियाबाहेर जाण्याचं सबळ कारण दिसून येत नाही.' खाली नावसुद्धा नाही, नुसता नंबर.

ऋता: माझी परीक्षा मेलबर्नमध्ये होतच नाही. ती फक्त अमेरिकेत होते. म्हणून तर जायचंय. बाबा, तू फॉर्ममध्ये कुठली परीक्षा लिहिलीस?

बाबा: मेडिकलची.

ऋता: कुठली?

बाबा: मेडिकलची म्हणजे मेडिकलची. त्या माणसाला काय कळतंय त्यातलं.

कौमुदी: बरंच कळलेलं दिसतंय. फॉर्मची कॉपीही आहे खाली, वाचू? 'माझी ज्येष्ठ कन्या अमेरिकेत वैद्यकीय शिक्षणाच्या अंतिम टप्प्यात असून, तिला यूएसएमएलई ही जगप्रसिद्ध परीक्षा द्यावयाची आहे.' जगप्रसिद्ध, ताई. तुला कुणी सांगितलंही नाही.

बाबा: मूळ इंग्लिशमध्ये ते बरं वाटत होतं.

ऋता: मी यूएसएमएलई देतच नाहीये. मी कॉमलेक्स देतेय. मार्चपासून या टेबलावर बसून दुसरं काय करतेय मी?

कौमुदी: मला एकदा नीट सांग. म्हणजे बाबाला सांग, पण मी ऐकते.

ऋता: माझ्या कॉलेजची परीक्षा कॉमलेक्स. ती दिली नाही तर डिग्री नाही. यूएसएमएलई बाकीच्या मेडिकल कॉलेजवाल्यांची. आमच्यातले काही जण वर तीही देतात, कारण दोन्ही असल्या की रेसिडेन्सीला, म्हणजे डिग्रीनंतरच्या ट्रेनिंगला, जास्त हॉस्पिटलांत अर्ज करता येतो. सक्ती नाही.

कौमुदी: म्हणजे कॉमलेक्स हा ताटातला भात, आणि यूएसएमएलई ही बाबाला फोटोत हवी असलेली बासुंदी. भात न वाढताच आपण फोटो काढला.

बाबा: तुम्हा दोघींना हसायला काय जातंय. मी कॉमलेक्सच लिहायला बसलो होतो. पूर्ण नाव लिहा, असं होतं तिथे. पूर्ण नावात 'ऑस्टिओपॅथिक' येतं. आता इथल्या माणसाला ऑस्टिओपॅथ म्हणजे कोण माहितीये? शॉपिंग सेंटरमध्ये केमिस्टच्या शेजारी बसतो तो. मान वाजवून देणारा. तो ऑफिसर म्हणाला असता, साथ चालू असताना ही बाई पाठ रगडायला शिकायला अमेरिकेला कशाला निघालीये.

ऋता: अमेरिकेत ती पूर्ण डॉक्टरची डिग्री आहे. आमचे लोक बाळंतपणं करतात, ऑपरेशनं करतात, आत्ता आयसीयूत उभे आहेत.

बाबा: मला माहितीये गं. पण त्याला माहितीये का?

ऋता: तिथे तीनशे शब्दांची जागा असते, बाबा. त्याला माहिती व्हावं म्हणूनच असते ती.

बाबा: या घरातला प्रत्येक फॉर्म मी भरलाय. पीआर, सिटिझनशिप, तुमच्या आईचं नर्सिंगचं रजिस्ट्रेशन, तुझं ते कॉलेज. एकही फॉर्म आजवर परत आला नाही.

कौमुदी: सोमवारी आला.

बाबा: कौमुदी, तुझा क्लास नाहीये का?

कौमुदी: चालू आहे. कॅमेरा बंद, मॅथ्स मेथड्स. मिस म्हणतायत 'कॅन एव्हरीवन सी माय स्क्रीन'. दहा मिनिटं तेच म्हणतायत. नो वरीज, मी इथेच आहे.

ऋता: म्हणजे मी ऑस्टिओपॅथिक कॉलेजात आहे, हे तुला त्या अनोळखी ऑफिसरलासुद्धा सांगवेना. आपल्या मराठी मंडळात तर सोडूनच दे.

बाबा: मंडळात कुणी विचारलं तर सांगतो की.

कौमुदी: विचारायला फुरसत कुठे देतोस? परवा गणपतीच्या झूम मीटिंगमध्ये शिरीषकाका म्हणाले, ऋता कशात करणार? तू म्हणालास, मेंदूमध्ये.

बाबा: मेंदूमध्येच आहे ते.

कौमुदी: ते न्यूरोसर्जन समजले, बाबा. त्यांनी टाळ्या वाजवल्या. म्यूटवर होते, पण वाजवल्या. तू हात जोडून नमस्कार केलास. ताई स्वयंपाकघरातून ऐकत होती, तिच्या हातातली पोळी करपली.

ऋता: पोळी आधीच करपली होती.

कौमुदी: तू कशाला त्याला वाचवतेस?

बाबा: सायकियाट्री म्हटलं की लोक काय म्हणतात ते तुम्हाला माहिती नाही. वेड्यांची डॉक्टर. शिरीषचा श्रीनाथ इथे मोठ्या युनिव्हर्सिटीत एमबीबीएसला आहे, त्याला कुणी काही समजावून सांगावं लागत नाही. मला प्रत्येक वाक्याला तळटीप द्यावी लागते. मुलगी डॉक्टर होतेय, पण ऑस्टिओ, पण खरी डॉक्टर, पण मनाची. तेवढ्यात समोरच्याची चार लाडवांची डिश संपते.

कौमुदी: वेड्यांची डॉक्टर म्हणतात ना? मग ताईचा फोन सगळी दुपार एंगेज का असतो? 'अगं, माझ्या एका मैत्रिणीला लॉकडाऊनपासून झोप येत नाही.' आपल्या सगळ्या टार्निट उपनगरात प्रत्येकाला एकच मैत्रीण आहे आणि ती मार्चपासून जागी आहे.

ऋता: कौमुदी, पुरे. मी काही डॉक्टर नाही अजून. मी ऐकते आणि जीपीकडे, त्यांच्या फॅमिली डॉक्टरकडे, पाठवते. आणि हे विषय घरात बोलायचे नाहीत.

बाबा: मंडळातलं कोण फोन करतं?

ऋता: सांगणार नाही.

बाबा: शिरीष?

ऋता: बाबा.

बाबा: नीलावहिनी असतील. त्या हल्ली कॅमेरा लावत नाहीत.

ऋता: तू मंडळाची अख्खी यादी वाचलीस, तरी मी मान हलवणार नाही. आणि आता एक ऐक. परीक्षा चौदा सप्टेंबरला आहे. दोनदा रद्द होऊन मिळालेली तारीख आहे ही. तिथे पोचल्यावर कॉलेज चौदा दिवस खोलीत बसवणार. म्हणजे एकोणतीस ऑगस्टचं विमान, आणि त्यासाठी नवा फॉर्म आजच्या आज. हे चुकलं तर अर्ज करायच्या वेळेला माझ्याकडे मार्क नसतील, आणि एक वर्ष गेलं. तीन दिवस तू मला सांगितलं नाहीस.

बाबा: मी म्हणतो, एवढी घाई कशाला. यूएसएमएलई इथे होते ना? ती दे. शहरात सेंटर आहे, मास्क लावून मी सोडतो गाडीने. बॉर्डर उघडली की दुसरी तिकडे जाऊन दे. दोन्ही हातात. कुणालाच समजावून सांगायला नको.

ऋता: दोन्ही देणारे लोक वर्षभर दोन्हीची तयारी करतात. माझ्याकडे तीन आठवडे आहेत. दोन दिल्या तर दोन्ही कशाबशा होतील. आणि सायकियाट्रीवाले बरेच जण आमची परीक्षा चालवून घेतात. जे घेत नाहीत ते मी यादीतून काढले.

बाबा: किती काढलेस?

ऋता: बावीस.

बाबा: राहिले किती?

ऋता: छत्तीस.

बाबा: बावीस दारं आपण होऊन लावून घेतलीस.

ऋता: त्या दारांवर आधीच पाटी होती. मी वाचली, एवढंच.

बाबा: त्यात चांगली चांगली असतील. नावाची.

ऋता: होती. बॉस्टनचं एक होतं. एक आठवडा मीही रडले त्याच्यासाठी, बाथरूममध्ये, एक्झॉस्ट लावून. मग मोजलं. तिथल्या मुलाखतीपासून मी ऑस्टिओपॅथिकवाली नाहीच, असं चार वर्षं वागायचं, की जिथे कुणी विचारणारच नाही तिथे जायचं.

कौमुदी: तो एक्झॉस्ट त्यासाठी होता? मला वाटलं तू तिकडे गुपचूप सिगरेट ओढतेस. मी आईला सांगितलंसुद्धा.

ऋता: म्हणून आई शिफ्टवरून येऊन माझे केस हुंगत होती.

बाबा: मला का नाही सांगितलंस, बॉस्टनचं?

ऋता: तू शिरीषकाकांना सांगितलं असतंस की मी बॉस्टनला चाललेय.

कौमुदी: बाबा, मला एक कळत नाही. नाव लाजिरवाणं वाटलं म्हणून चुकीची परीक्षा लिहिलीस. ओके, तो तुझा स्वभाव आहे, आम्ही वाढलो त्यात. पण उत्तर सोमवारी आलं. सोमवारीच नवा फॉर्म भरता आला असता. तू तीन दिवस 'इतर'मध्ये ठेवलंस. का?

बाबा: कामात होतो.

कौमुदी: कामात? मंगळवारी तू दीड तास ट्रॅम्पोलिनचे स्क्रू घट्ट करत होतास. त्यावर दोन हजार सोळापासून कुणी उडी मारलेली नाही.

ऋता: सोड गं.

कौमुदी: नाही सोडत. त्या फॉर्मच्या वरच लिहिलंय, परीक्षा देशात उपलब्ध असल्यास परवानगी मिळणार नाही. ठळक अक्षरांत. पीआरचा फॉर्म एका फटक्यात पास करणारा माणूस ठळक अक्षरं वाचत नाही? तुला माहिती होतं का, बाबा, की ती परीक्षा इथे होते?

बाबा: फॉर्म भरताना नव्हतं. आईशपथ नव्हतं. तेव्हा मी फक्त अब्रूचा विचार करत होतो.

कौमुदी: आणि सोमवारी?

बाबा: सोमवारी पत्र वाचलं. आणि पहिलं काय वाटलं सांगू? बरं वाटलं.

ऋता: बरं वाटलं?

बाबा: तू अठराव्या वर्षी घराबाहेर पडलीस. आधी सिडनी, मग मिशिगन. मार्चमध्ये आलीस ती दोन बॅगा घेऊन, आणि पाच महिने इथे. लॉकडाऊनमुळे आम्हाला घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जाता येत नाही, पण तू त्या पाचात आहेस. तिकडे रोज हजार माणसं मरतायत आणि मी तुला खिडकीची सीट निवडून देऊ? मला वाटलं, सरकारच नाही म्हणतंय. आपण कशाला वाईट व्हा. दोन दिवस आणखी राहील, मग दोन आठवडे, मग तारीख जाईल आपोआप.

ऋता: आणि माझं वर्ष गेलं असतं.

बाबा: गेलं असतं. तेही दिसत होतं. म्हणून तर डिलीट केलं नाही.

कौमुदी: बाबा, हे फॉर्मपेक्षा खूप वाईट आहे.

बाबा: माहितीये.

ऋता: मी रागावलेय. हे आत्ता नीट सांगून ठेवते, कारण पुढचा एक तास मला रागवायला वेळ नाही. कौमुदी, नवा फॉर्म उघड. कॉलेजचं पत्र माझ्याकडे आहे, परीक्षेचं परमिट आहे. मीच भरते.

(बाबा लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतात.)

ऋता: बाबा, दे इकडे.

बाबा: तू सांग, मी लिहितो. ती भाषा मला येते, तुला येत नाही. तू लिहिशील 'प्लीज' आणि 'थँक यू'. पहिलं काय, कारण. 'अर्जदार ऑस्टिओपॅथिक मेडिसिनच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी आहे.' बरोबर?

ऋता: बरोबर.

बाबा: 'ही डिग्री अमेरिकेत डॉक्टरची संपूर्ण डिग्री मानली जाते. त्यासाठीची कॉमलेक्स परीक्षा फक्त अमेरिकेतच घेतली जाते, आणि ती दिल्याशिवाय अर्जदारास पदवी मिळू शकत नाही.' पुढे?

कौमुदी: 'जगप्रसिद्ध' नाही घालत?

बाबा: तू मॅथ्स कर. ऋता, पुढे?

ऋता: त्यानंतर सायकियाट्रीच्या रेसिडेन्सीला अर्ज करायचाय, ऑक्टोबरच्या आत.

बाबा: 'त्यानंतर अर्जदार मानसोपचार या विषयातील', हं, 'या विषयातील प्रशिक्षणासाठी अर्ज करणार आहे.' मेंदू लिहू नको ना?

ऋता: नको.

बाबा: नाही लिहीत. कॉलेजचं पत्र जोडलं. परमिट जोडलं. आणखी एक रकाना आहे खाली.

कौमुदी: परत येण्याची अपेक्षित तारीख. कंपल्सरी आहे, स्टार आहे त्याला.

ऋता: डिसेंबर लिही. परीक्षा झाली की दोन पोस्टिंग संपवून मी येऊ शकते. परतीच्या विमानात सीट मिळाली तर.

बाबा: आणि त्या छत्तिसांतल्या एकाने घेतलं तर?

ऋता: तर ट्रेनिंग पुढच्या जुलैत सुरू, दोन हजार एकवीसच्या.

बाबा: सायकियाट्री किती वर्षांची असते?

ऋता: चार. पण मध्ये येईन की मी, सुट्टी मिळेल तशी. आत्ता डिसेंबरच लिही, बाबा. कोण बघतंय.

बाबा: नको. एकदा खोटं लिहून बघितलं. जून दोन हजार पंचवीस लिहितो.