सोमवारी खाण बंद

सोमवार, २३ नोव्हेंबर १९६४. ऊन स्वच्छ, वारा पडलेला.

—तिथं नको बसवंतराव, या खुर्चीवर या, दारातून उजेड— बरं, भिंतीकडेच बसा, हरकत नाही. कॉफी घ्या. स्वल्प गोड झाली असेल, पाहुणे आले की आमच्या चंद्राचा साखरेचा हात आवरत नाही. संताजी मागं झाडांना पाणी घालतोय, येईलच. धाकटा भाऊ असला तरी घरात माझ्याहून कामाचा तोच. काय म्हणालात? रविवार सोडून सोमवारी का बोलावलं? सहज हो. म्हणजे — सहज नाही. आता सोयरे होणार, तर सांगतो. मागं दगडाची खाण आहे ना, या जयनगरच्या नव्या घरांना तिथूनच दगड येतो, सुरुंग लावतात. पण सोमवार बसवण्णाचा, नंदीचा वार, इकडं बैलांना जू लावत नाहीत. गाड्या नाहीत म्हणून खाणही बंद. शांत असतं.

छे छे, तसं काही नाही! संताजी बासष्टच्या लढाईतून आला तेव्हा त्रास होता खरा. बरोबरची पोरं तिथंच बर्फात राहिली. आवाज झाला की न्हाणीत बंबामागं जाऊन बसायचा. बसायचा म्हणजे — बसतो अजून. पण आम्ही पद्धत पाडलीय. खाणीवरचा मल्लाप्पा सुरुंगाआधी लाल फडकं दाखवतो, चंद्रा ते बघून संताजीला सांगते. आधी सांगितलं की निभतं. डॉक्टर म्हणतात नर्व्हज आहेत, टॉनिक द्या. आणि हा काय एकटाच? आमच्याच गल्लीत बघा — शिवाप्पा, आफ्रिकेच्या लढाईवरून आलेला, इतकी वर्षं झाली, छपराखाली झोपत नाही. विठाबाईचा नवरा जेवताना दाराकडं पाठ करत नाही. ती मला म्हणाली, अण्णा, आमच्याच नशिबी आलंय हे, कुणाला बोलू नका. शिवाप्पाची बायकोही हेच म्हणाली, असाच आवाज दाबून! भिंतीला भिंत लागून घरं, आणि दोघींना वाटतं, आपल्याच घरी. फौजेतून आलेल्या माणसाच्या ज्या घरी मी जाऊन बसलो ना, तिथं काही ना काही निघालंच.

एक तुम्ही मात्र — म्हणून तर तुमचं स्थळ मनात भरलं. ब्रह्मदेशात लढून आलात, संसार केलात, मुलगी वाढवलीत. मी चंद्राला म्हटलं, बघ, काळ जाऊ दिला की सुटतं हे.

झोप? झोपतो की. फक्त हात लावून उठवायचं नाही, उंबऱ्यातून नावानं हाक मारायची. चंद्राला तेव्हा ठाऊक नव्हतं — तिचं मनगट ते… पडली म्हणून वाकडं राहिलं, असं सांगतो आम्ही लोकांना. रडला हो नंतर, वहिनीचे पाय धरून रडला. तुमच्या अनुसूयेला मी स्वतः सगळं समजावीन. घ्या, ती सुपारी घ्या हातात. फोडली की ठरलं—

अरे! सुरुंग? आज? सोमवारी? चंद्रा, फडकं नव्हतं? — लॉरी? मल्लाप्पानं लॉरी आणली? लॉरीला कसला आलाय सोमवार! संताजी! बंबामागं आहेस ना? बस, बस तिथंच, आलोच मी. बसवंतराव, घाबरू नका, नेहमीचंच आहे हे — बसवंतराव?

टेबलाखाली…

चंद्रा, थांब! हात लावू नको त्यांना. लांबूनच. — बसवंतराव, बेंगळूर आहे हे. माझं घर. खाणीचा सुरुंग होता, दुसरं काही नाही. हां. सावकाश. कॉफी सांडली तर सांडू दे.

अहो, लाजता काय आमच्यापुढं? उलट तुमच्याइतकं आम्हाला कोण ओळखणार! तुमच्या घरी कसं निभावतात ते तरी सांगा. अनुसूया आईचं बघतच वाढली असेल, तिला वेगळं काही समजावायलाच नको—

सुपारी ताटात का ठेवलीत?

…सरी, बरं. चंद्रा, पाहुण्यांची पिशवी आण.

बसवंतराव बेळगावच्या गाडीने गेले. सुपारी फुटली नाही.