ओरडायची जागा

...आणि वर मलाच विचारतात, 'तुम्हाला कुणी हात लावायला सांगितलं होतं?' अहो, कुणीच नाही ना! तोच तर माझा रोग आहे. नळ गळताना दिसला की माझे हात शिवशिवतात, दार करकरलं की मी तेल घेऊन हजर, आणि लोक म्हणतात, 'काय गुणी माणूस!' गुणी कसला डोंबलाचा... लाज वाटते हो, पण सांगतो.

तर आम्ही चष्मे बनवतो. मी काचा घासतो आणि समोरच्या टेबलावर मावशी फ्रेमा जुळवतात. मावशी म्हणजे माझ्या एकट्याच्या नव्हेत, सगळ्या कारखान्याच्या. लग्न होऊन अरबी मुलखातून इकडे आल्या, आता सत्तरीला टेकल्या, पण मुंगीएवढा स्क्रू असा बसवतात की बोट हलायचं नाही! आणि जेवणाच्या सुट्टीत टेपरेकॉर्डर लावतात. जुना, कॅसेटचा. त्यात त्यांची लाडकी गायिका. तिकडे म्हणे तिला सगळे नुसतं 'थोरली' म्हणायचे, नाव घ्यायची गरजच नाही.

आता तुम्हाला सांगतो, माझं गाणं म्हणजे तीन मिनिटांचं. सुरू झालं, संपलं, हात धुतले. आणि ही थोरली? आधी वीस मिनिटं नुसती व्हायोलिनं! मला वाटायचं, बाई आज आलीच नाही की काय? मग यायची, एक ओळ म्हणायची, की लोकांच्या टाळ्या, आरडाओरडा... मग परत तीच ओळ! परत आरडाओरडा! परत तीच! माझा डबा संपायचा, चहा संपायचा, बाई आपली त्याच ओळीवर!

एक दिवस काय झालं, मावशी गिऱ्हाईकाच्या नाकावर फ्रेम बसवायला पुढच्या खोलीत गेल्या. टेप चालू. मी मोजलं, अकरा वेळा तीच ओळ. म्हटलं, हे काही गाणं नव्हे, टेप अडकलीय. बिचाऱ्या मावशी, त्यांना काय कळतंय यंत्रातलं! झाकण उघडलं, बोट घातलं, जरा ओढली... लोकरीचा गुंडा सुटावा तशी भसाभसा बाहेर! घाईघाईनं आत कोंबायला गेलो, तर दातेरी चाकानं चुरगाळली, आणि टच्! तुटली.

लाज वाटते हो, पण सांगतो. मावशींची पावलं वाजली, तसा मी धावत माझ्या चाकाशी गेलो आणि पाठ करून काच घासायला लागलो.

'अगं बाई... मशीननं खाल्ली वाटतं,' मावशी म्हणाल्या. आणि मग मला, 'तुलाही ऐकायची सवय झाली होती ना रे? आता काय करायचं...'

माझी समजूत काढत होत्या! माझी! आणि मी काय बोललो असेन? म्हटलं, 'जुनं मशीन आहे मावशी, व्हायचंच!' जीभ झडली नाही माझी.

तीन दिवस त्यांचं टेबल गप्प. चौथ्या दिवशी स्क्रू फिरवता फिरवता आपणहून म्हणाल्या, 'ती कॅसेट विकतची नव्हती रे. लग्न ठरलं होतं तेव्हा आमचे हे तिकडेच नोकरीला होते, थोरलीच्या मैफलीला गेले होते. जाताना मला म्हणाले, तू रेडिओवर ऐक, मी तुझ्यासाठी ओरडतो. माझ्या भावानं ती रेडिओवरून टेप केली. त्या एवढ्या गोंगाटात एक "या सलाम!" ह्यांचं आहे. आपल्या "वाहवा"सारखंच. ह्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. फोटो ढीगभर आहेत. आवाज तेवढाच होता.'

काय करू? चाक बंद केलं. 'मावशी, मशीननं नाही खाल्ली... मी तोडली.'

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं हो! पण नाही. स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला, हात धुऊन आल्या आणि पुढची फ्रेम घेतली. झालं! दुरुस्तीवाल्याकडे पळालो, तो म्हणाला, 'जोडून देतो, पण चुरगळलेला भाग गेला.' आणि गेला कुठला? मावशींच्या ह्यांचा आवाज होता, तोच!

मग ठरवलं, हीच मैफल मोबाईलवर शोधायची. शोधतो तर काय... त्या एका गाण्याच्या सतरा मैफली! एक पाऊण तासाची, एक सव्वा तासाची, तारीख कशावरच धड नाही. झालो सुरू. बसमध्ये ऐकतोय, भांडी घासताना ऐकतोय, 'या सलाम' आलं की कान टवकारतोय. आमची ही म्हणाली, 'ती बाई रडतेय का?'

'नाही गं, गातेय.'

'मग तुम्ही का रडताय?'

आता हिला काय सांगू? त्या ओळीचा अर्थ मी मावशींना खाली मान घालून विचारला होता. 'दार मी उघडंच ठेवलंय,' एवढाच. पण थोरली ती एकदा रागावून म्हणते, एकदा विनवून, एकदा चक्क हसून, आणि शेवटी इतकी हळू, की दार लावायला उठली की काय असं वाटून आपल्याच छातीत धस्स होतं! आणि मी म्हणे टेप अडकलीय! अहो, शरमेनं कानाची पाळी तापते.

बाराव्या मैफलीत आवाज सापडला! ओळ संपता संपता, खणखणीत, 'या सलाम!' दुसऱ्या दिवशी सुट्टीत मावशींसमोर मोबाईल ठेवला. डोळे मिटून ऐकलं त्यांनी. आणि मान हलवली.

'हे नव्हेत ते. हा जाणकार दिसतोय, बरोब्बर जागेवर ओरडला. आमच्या ह्यांना कुठे कळायचं? थोरलीनं श्वास घेतला की ह्यांना वाटायचं, संपलं! नेहमी मध्येच ओरडायचे.'

माझं तोंड एवढंसं झालं. गाणं चालूच होतं. थोरलीनं परत ती ओळ उचलली, वर नेली, जरा थांबली... आणि माझं भान सुटलं हो! मी ओरडलो, 'अरे वा!' आणि तिची ओळ अर्धीच झालेली! जीभ चावली.

मावशींनी डोळे उघडले. 'परत ओरड.'

'आँ?'

'परत ओरड रे! अस्सेच ओरडायचे. अगदी असेच, मध्येच!' आणि हसायला लागल्या, हसता हसता काचा पुसायच्या फडक्यानं डोळे पुसायला लागल्या.

झालं, तेव्हापासून रोज सुट्टीत मी मावशींसमोर हजर. त्यांची भुवई उडाली की आपण 'या सलाम!' ठोकायचं. पहिल्या दिवशी मालक धावत आले, कुणाचं बोट चाकात गेलं म्हणून!

पण माझी पंचाईत ऐका. सहा महिने ऐकून ऐकून मला आता कळायला लागलंय हो. ओळ कुठे टेकणार, दाद नेमकी कुठे द्यायची, सगळं! घशाशी येते वाहवा, आणि ती गिळून मी गाढवासारखा भलत्याच जागी ओरडतो. कालच नवीन आलेली हिशेबनीस बाई शेजारणीला म्हणाली, 'ह्या काकांना गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, नाही का?'

तेवढ्यात मावशींची भुवई उडाली. ओरडलो.